किड्यांपुरतं खरं

अखिल मानवजात ज्याची वाट पाहत होती, तो म्हातारपणावरचा उपाय अखेर आमच्या लोधीपुऱ्यातल्या मुलीच्या हाती लागला. असे सत्कार समितीच्या अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केले. ती मुलगी शेजारच्याच खुर्चीत शाल पांघरून बसली होती आणि मान हलवत होती. नाही म्हणून.

तुम्ही तिला ओळखत असता तर तुम्हाला याचे नवल वाटले नसते. "असं अजून म्हणता येत नाही," हे तिचे ठरलेले वाक्य. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढे आईने विचारले तरी दुसरा घास घेतल्याशिवाय ती मत देत नसे.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. पीएचडी करून ती हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत लागली होती, मुदतीच्या फेलोशिपवर. "डॉक्टर झाली, तरी अजून शिकूनच राहिली," असे तिची आई सांगे. काम असे: डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे पाळायचे, त्यांना थोडे तापवायचे, थोडे उपाशी ठेवायचे, आणि त्या ताणाला त्यांच्या पेशी कसे तोंड देतात, त्याने म्हातारपण लांबते का, ते पाहायचे.

"किडा मेला हे कळतं कसं?" मी एकदा विचारले.

"बारीक तारेने डिवचते, काका. हलला तर जिवंत."

"ही तपासणी आपल्या सरकारी कचेऱ्यांत करायला हवी."

"नको. माझे सगळे आकडे बिघडतील."

सत्काराला तिने हेच सोपे करून सांगितले. थोड्या उपाशी किड्यांच्या पेशींत डागडुजी जोरात सुरू होते, ते जरा जास्त जगतात. "पण हे किड्यांपुरतं. माणसांबद्दल असं अजून म्हणता येत नाही."

अध्यक्ष उठले. "तात्पर्य काय? उपवास!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत तिचे वडील सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना जुना मधुमेह.

दुसऱ्याच दिवशी अण्णांनी कोणाला न सांगता सकाळचे जेवण सोडले. साखर उतरवणारी गोळी मात्र चालू. चारपाच दिवसांत व्हायचे ते झाले. दुपारी भिंतीपलीकडून वहिनींची, तिच्या आईची, हाक आली, "भाऊजी, लवकर या हो! हे बघा कसं करून राहिले!" मी गेलो तेव्हा अण्णा घामाने भिजले होते आणि मला कोण तुम्ही म्हणून विचारत होते. रजेवर घरीच असलेल्या मुलीने साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले. एक थेंब सांडला नाही. अण्णा भानावर आले.

"जेवत का नव्हता, अण्णा?"

"गोळी चुकवू नका हे डॉक्टरांनी सांगितलं. जेवू नका हे तू सांगितलं."

"मी किड्यांबद्दल बोलले होते!"

"किड्यांना निदान गोळी तर नाही देत ना ही," वहिनी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत कुकर लावायला गेल्या.

तिने रजा वाढवली. प्रयोगशाळेतून फोन येत होते: किड्यांना वेळेवर नव्या बशीत हलवले नाही तर प्रयोग वाया जाणार, आणि प्रयोग गेला तर फेलोशिपही. मी म्हटले, "तू जा, अण्णांकडे मी बघतो."

"किडे पुन्हा वाढवता येतील," ती म्हणाली. जर, तर, बहुधा यांच्याशिवायचे तिचे हे पहिलेच वाक्य मी ऐकले.

अण्णांची बोटे टोचून साखर तपासणे आणि समोर बसून जेवू घालणे, हा तिचा दिवसभराचा उद्योग झाला.

"माझं आयुष्य वाढलं का गं थोडं?" अण्णांनी विचारले.

"असं अजून म्हणता येत नाही."

"मग काय म्हणता येतं?"

"भात थंड होऊन राहिला, एवढं."

फेलोशिप वाढली नाही. ती आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्या प्रयोगशाळेत असते. तिथे किडे नाहीत, यीस्ट आहे. घरी येणे कमी झाले. संध्याकाळी अण्णा फोनवर काय काय खाल्ले ते तिला सांगतात, ते मला भिंतीतून ऐकू येते.

यंदा समितीने 'उपवास आणि दीर्घायुष्य' या विषयावर शास्त्रज्ञ कन्येचे पिता म्हणून अण्णांचेच व्याख्यान ठेवले. ते तासभर बोलले. घरून जेवून गेले होते.