बायांच्या वाटेवरून गाडी

"एकास सात," मी म्हणालो आणि लेव्हलच्या काचेवरून डोळा काढला.

"पुन्हा पाहता काय?" साखळीने अंतर मोजणाऱ्या माझ्या साखळीवाल्याने विचारलं.

तीनदा पाहून झालं होतं. माझ्या पाहण्याने तो कडा काही खाली बसणार नव्हता.

एकास सात म्हणजे सात हात पुढे गेलं की एक हात चढ. माणूस असा चढ दम खात चढून जातो. भरलेली बैलगाडी चढत नाही, आणि उतरताना ती बैलांच्याच अंगावर येते. गाडीरस्त्याला आमच्या इंजिनिअर साहेबांचा नियम होता एकास वीस. लेव्हल म्हणजे तिवईवर बसवलेली दुर्बीण. तिच्यातून दूर उभ्या केलेल्या खुणांच्या काठीकडे पाहायचं, आकडे वाचायचे, की कोणती जागा किती उंच ते कळतं. ती कधी कोणाची भीड धरत नाही.

मी मूळचा बाळापूरचा. सर्वेच्या खात्यात नवीन होतो आणि एकट्यावर सोपवलेलं हे माझं पहिलंच काम होतं. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून सगळ्यांची नजर आमच्या वऱ्हाडावर वळली होती. अकोला, अमरावतीच्या वाटांवर गाड्यांना गाडी लागलेली. गाड्या मोडत होत्या, नव्या करायला लाकूड मिळत नव्हतं. ते लाकूड मेळघाटात होतं. साग, तिवस, धावडा, हवं तेवढं. खाली आणायला रस्ता नव्हता, एवढंच.

साहेबांपुढे दोन दऱ्या होत्या. एका दरीच्या माथ्यावर झिरपाटी हे कोरकूंचं चाळीस घरांचं गाव. दुसऱ्या दरीत वस्तीच नाही, पण चढ बरा. साहेब म्हणाले होते, "बारा दिवस देतो. झिरपाटीची लाइन जमली तर ठीक. नाहीतर रिपोर्ट दुसऱ्या दरीचा जाईल."

रिपोर्ट दुसऱ्या दरीचा गेला असता, तर झिरपाटी आहे तिथेच राहिली असती. जंगल इतकं दाट की भर दुपारी वाटेवर ऊन पडत नसे. पावसाळ्यात नाले फुगले की चार महिने गाव जगापासून तुटायचं. मोह, चारोळी, मध, डिंक डोक्यावर घेऊन खालच्या बाजारात जायचं आणि मीठ घेऊन वर यायचं, हाच त्यांचा व्यवहार. गावाचा प्रमुख जाकू पटेल. त्यानेच मला ही वाट दाखवली होती. सरळ, कोसभर लांबीची, आणि मधोमध हा कडा.

सहावा दिवस होता. मी पटेलच्या अंगणात नकाशा पसरून बसलो.

"जमत नाही, पटेल. कडा फोडायला सुरुंग लागतील. साहेब मंजूर करणार नाहीत."

पटेलचा चेहरा उतरला. तेवढ्यात कुडाशी मोह निवडत बसलेली त्याची थोरली भावजय सुगंती हसली. चाळिशीची, उंच, काटक बाई. इतक्या दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"तू त्या वाटेनं गाडी नेतो का, मोजनीवाल्या?"

"दुसरी वाट नाही ना, बाई."

"कोनाले इचारलं?"

"पटेलला."

"तो रिकाम्या हातानं जाते," ती म्हणाली. "खांद्यावर कुऱ्हाड, झालं. डोक्यावर मोहाची पाटी घेऊन त्या कड्यावरून उतरून पाह्य बरं. पाटी खाली, बाई खाली. आमी बाया तिकडून नाई जात. आमची वाट अलग हाये."

पटेल चिडला. "भौजी, ते लय फेऱ्याची वाट हाये. दुप्पट चालावं लागते."

"मंग? डोक्यावरचं सांडत तर नाई."

मी ताडकन उठलो. डोक्यावर भार असलेल्या माणसाला वाकता येत नाही, मागे रेलता येत नाही. म्हणजे पिढ्यान्पिढ्या या बायांनी पायांनीच उतार मोजून ठेवला असणार. मी लेव्हल खांद्यावर टाकली आणि तिच्या मागे निघालो. जेवायचंही राहिलं.

वाट डोंगराच्या कुशीतून निघाली. नाला आला की त्याच्या पोटात न उतरता वर वळसा घ्यायची. खडक आला की आधीच बाजूला व्हायची. पहिला आकडा घेतला: एकास बावीस. माझा विश्वास बसेना. पुढचा एकास चोवीस. साखळीवाला काठी घेऊन पळत पुढे जायचा आणि तिथूनच ओरडायचा, "आता किती?" मीही ओरडूनच सांगत होतो. सुगंतीला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं, पण आमची धावपळ पाहून तीही भराभर चालू लागली. सव्वादोन कोसांच्या वाटेत एकच जागा वाईट निघाली. शेवटच्या नाल्यापाशी एकास चौदा, तीही थोडकीच.

दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या तंबूत साहेबांपुढे आकडे ठेवले.

"कागदावर छान आहे," साहेब म्हणाले. "मला गाडी दाखव. आणि भरलेली. रिकामी गाडी कोणीही चढवील."

कापसाच्या हंगामात गाडी मागणं म्हणजे लग्नघरात नवरदेवाचा घोडा मागण्यासारखं होतं. दोन दिवस फिरलो. शेवटी तेल्हाऱ्याचा किसन गाडीवान भेटला. त्याच्या गाडीचा कणा, म्हणजे ज्याच्या दोन टोकांना चाकं बसतात ते आडवं लाकूड, चिरला होता. दोरखंड आवळून तो कशीबशी गाडी हाकत होता.

"धावड्याचा नवा कणा देतो," मी म्हणालो. "पण गाडी डोंगरावर न्यावी लागेल."

"डोंगरावर? काहून, खाली जागा कमी पडून राहिली का?" तो म्हणाला. मग चिरलेल्या कण्याकडे पाहून म्हणाला, "चाल बापा. हा तसाबी मोडतेच."

तोवर सगळी झिरपाटी वाटेवर उतरली होती. बायांनी झुडपं तोडली, गड्यांनी दगड हलवले. पटेल स्वतः पहार घेऊन राबत होता आणि भावजयीकडे पाहणं टाळत होता.

बाराव्या दिवशी सकाळी मिठाच्या गोण्या लादून गाडी निघाली. साहेब घोड्यावरून मागे. पहिला वळसा पार झाला, दुसरा झाला. माझं लक्ष बैलांच्या मानांकडे. त्या फार खाली गेल्या नाहीत म्हणजे ओढ बेताची आहे. शेवटच्या नाल्यापाशी चाकाखालचा दगड निसटला आणि चाक कडेला घसरलं. कणा कुरकुरला.

"लावा खांदा!" किसन ओरडला. "पाह्यता काय!"

कोण कुठून आलं कळलं नाही. मी चाकाला खांदा लावला, तेव्हा शेजारी पटेल होता आणि पलीकडे सुगंती. गाडी हलली, डुलली आणि वर आली. मग जो ओरडा झाला, तो पायथ्याच्या तंबूतही ऐकू गेला असेल. झिरपाटीत त्याआधी चाक कधी आलंच नव्हतं. म्हातारी माणसं जवळ येऊन चाकाच्या लोखंडी धावेवरून हात फिरवू लागली.

वर किसनला नवा कणा बसवून दिला. उतरताना गाडीत सागाचे ओंडके भरले आणि मागे एक जड फांदी बांधली, म्हणजे ती जमिनीला घासत राहते आणि गाडी सुटत नाही. निम्म्या वाटेवर साहेब घोड्यावरून उतरले आणि ओंडक्यांवर जाऊन बसले.

"साहेब, पडसान!" किसन म्हणाला.

"पडलो तर लाइन नापास," साहेब म्हणाले. ते पडले नाहीत.

मंजुरी आली. पुढच्या कोरड्या हंगामात रस्ता पक्का झाला. झिरपाटीत कणे आणि चाकांचे आरे घडवणारे सुतार येऊन राहिले, आठवड्याचा बाजार भरू लागला. मागोमाग जंगलखात्याचा शिपाईही आला आणि कोणतं झाड तोडायचं ते तो सांगू लागला. रस्त्यावरून सगळंच येतं, ते मी तेव्हा हिशेबात धरलं नव्हतं.

रिपोर्टात मी सुगंतीचं नाव लिहिलं होतं. वरच्या ऑफिसात ते गळालं. लोक त्या रस्त्याला 'पटेलचा घाट' म्हणू लागले. मी पटेलला छेडलं, तर तो म्हणाला, "मी भौजीचंच नाव सांगतो मोजनीवाल्या, पन कोनी आयकतच नाई."

त्यानंतर तीस वर्षं मी सर्वे केला. नव्या गावात गेलो की वाटेची माहिती द्यायला पुढारी आधी पुढे येतात. त्यांचं ऐकून घेतो. मग गावात ओझं कोण वाहतं ते पाहतो, त्याच्याशी बोलतो, आणि नंतरच लेव्हल पेटीतून बाहेर काढतो.