गोलामागचे आतोबा

अख्ख्या नगर जिल्ह्यात आमच्या आतोबांइतका भित्रा माणूस झाला नाही, आणि ज्याला लोक आतोबांइतके भ्याले असा माणूसही झाला नाही. ही दोन्ही माणसं एकाच खाकी कोटात कशी मावली याचं मला अजून नवल वाटतं. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. मूळचे कर्जतकडचे, पण तरुणपणीच नगरच्या तार ऑफिसात शिपाई म्हणून चिकटले आणि जन्मभर तारा वाटत राहिले. ते कुत्र्याला भीत, गाईला भीत. बैल तर लांबच, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांनाही भीत. विहिरीत कधी डोकावत नसत. घरात पाल दिसली की अंगणात जाऊन उभे राहत आणि आत्या आतून ओरडे, "या आता, गेली ती. का तार करू?" भिंगारच्या कॅम्पातून रणगाडे निघाले की रस्ता हादरे. तेव्हा आतोबा सायकलवरून उतरत, सायकल आडवी धरत आणि स्वतः तिच्यामागे उभे राहत. जणू सायकल बघून रणगाडा वळून जाणार होता.

लढाईची वर्षं होती. कितीतरी घरांतला कुणी ना कुणी फौजेत गेलेला. कुणी ब्रह्मदेशात, कुणी कुठल्याशा वाळवंटात. त्यामुळे आतोबांची सायकल गल्लीत वळली की गल्ली जागच्या जागी थिजे. जात्यावरचे हात थांबत. दारं लागत, जणू दार लावलं की तार परत जाते. एकदा एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "बाबा, आमच्याकडं नगं. म्होरं जा." आतोबांनीही सायकल पडू देऊन तिला हात जोडले. "आज्जे, तुज्याकडं न्हाई गं. म्या म्होरंच चाललोय." दोघंही सारखीच थरथरत होती. तार दिल्यावर सही घ्यावी लागे. तेवढा वेळ आतोबा त्या घराकडे पाठ करून आभाळाकडे बघत उभे राहत, आणि कागद हातात पडला की मागे न बघता सुटत. कुणाच्या दारात ते कधी पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

तारा इंग्रजीत असत आणि आतोबांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण तार उतरवून घेणाऱ्या बाबूच्या चेहऱ्यावरून ते मजकूर ओळखत. मुलगा झाला, रजा मंजूर झाली, असलं काही असलं की गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायला लागत, "चांगली हाय! चांगली हाय!" हेतू भला होता, पण त्याचा परिणाम असा झाला की ज्या दिवशी ते ओरडत नसत, त्या दिवशी तार दारात पोहोचायच्या आधीच रडारड सुरू होई. तक्रार गेली. साहेबांनी बोलावून दम दिला आणि ओरडणं बंद झालं. पण चेहऱ्याला कोण दम देणार? वाईट तार असली की आतोबांचे गाल आत जात, ओठ सुकत, डोळे मोठे होत. तो चेहरा सगळ्या शहराला पाठ होता.

असल्या माणसानं फुटबॉलच्या वाटेला जाऊच नये. पण आतोबांचा सगळा जीव फुटबॉलमध्ये होता, आणि त्यातही रशीदमध्ये. रशीद आमच्या पेठेच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड. घरचा धंदा रंगाऱ्याचा, त्यामुळे हात कोपरापर्यंत कायम निळे. पायाला नुसत्या पट्ट्या बांधून अनवाणी खेळायचा आणि बूटवाल्या पलटणीच्या गड्यांना असा गुंगवायचा की त्यांचे बूट एकमेकांत अडकत. संध्याकाळच्या सामन्याला आतोबा ड्यूटीवरून तसेच खाकी कोटात, खांद्याला पिशवी लावून हजर होत. उभे राहत ते समोरच्या संघाच्या गोलामागे. "रशीदचं तोंड तिथनं दिसतंय," म्हणत. हाफटाइमला बाजू बदलली की हेही लगबगीनं दुसऱ्या टोकाला जात. आणि मग सबंध खेळभर पिशवी छातीशी घट्ट धरून, ओठ सुकवून, डोळे मोठे करून उभे. चेंडू मध्यावर असला तरी यांचा जीव गेलेला असे.

त्या वर्षी रशीदला काहीतरी झालं. चार सामने गेले, एक गोल नाही. एकदा तर गोलकीपर पडलेला, समोर मोकळा गोल, आणि रशीदनं चेंडू बाहेर मारला. मग काय, चौकातल्या टेलर मास्तरांच्या दुकानात रोज न्यायनिवाडा बसू लागला. टेलर मास्तर स्वतः फिर्यादी. "पळतच नाही तो," ते कात्री आपटून म्हणत. "लग्नातल्या नवरदेवासारखा उभा राहतो. कुणीतरी चेंडू हळदीकुंकवासह आणून द्यावा, मग हा पाय लावणार." पुढे पुढे ते सामन्याला कापडावर खुणा करायचा खडू आणि एक पाटी घेऊन येत आणि रशीद पळाला की पाटीवर एक रेघ ओढत. त्यांच्यासमोर एक पेन्शनर हवालदार बसत. त्यांचं मत वेगळं. "पायात खोट नाही, मास्तर. छातीत आहे. शिपायाचा एकदा दम तुटला की बंदूक नवी देऊन उपयोग नाही."

"दम तुटायला झालं काय त्याला? माझ्या रेघा बघा. आपल्या गोलाकडे चेंडू परत आणायला हरणासारखा पळतो. पुढे जायचं म्हटलं की पाय जड. हा आळस नाही तर काय?"

आतोबा दाराशी उभे राहून ऐकत. आत बसत नसत; शिलाई मशीनच्या सुईची भीती वाटे. "त्यो आळशी न्हाई," एवढंच पुटपुटत. एके दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "गड्या, तू मास्तर माणूस. तूच इचार त्याला. माझी हिंमत न्हाई." मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत नुकताच लागलो होतो आणि आत्याकडेच राहत होतो. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी रशीदकडे गेलो.

तो अंगणात रंगाच्या हौदापाशी सूत पिळत होता. मी विचारलं तसा सूत आणखी जोरानं पिळायला लागला. मग खाली बघत म्हणाला, "मास्तर, तुमच्या आतोबांना सांगाल? गोलामागं उभं राहू नका म्हणावं."

"का रे?"

"माझा भाई ब्रह्मदेशात लॉरी चालवतो. दोन महिने झाले, खत नाही, चिठ्ठी नाही. मी चेंडू घेऊन पुढं जातो, मान वर करतो, आणि समोर तारवाले काका. हातात पिशवी, आणि तोंड असं..." त्यानं ते तोंड करून दाखवलं नाही, गरजच नव्हती. "मला वाटतं, आली. आपलीच आली. खेळ संपायची वाट बघतायत. मग पायाखाली काय आहे ते मला दिसतच नाही."

मी घरी आलो तेव्हा माझे स्वतःचेच पाय जड झाले होते. आतोबांना सांगायचं कसं? पण सांगितलं. ते ओसरीवर बसले होते, ते बसलेच राहिले. म्हणाले, "म्हंजी... म्याच?"

पुढच्या सामन्याला आतोबा गेले नाहीत. घरात कोंडून बसले आणि मला म्हणाले, तू बघून येऊन सांग. पण झालं भलतंच. रशीद मैदानात आला, गोलामागे बघितलं, काका नाहीत. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पाच मिनिटांत त्याचा चेहरा पांढरा पडला. आज तारवाला मैदानावर नाही म्हणजे कुठे असेल? आमच्या घरी तर नाही? हाफटाइमची शिट्टी झाली तसा तो पट्ट्या बांधलेल्या पायांनी थेट घराकडे पळत सुटला. टेलर मास्तरांनी पाटी फेकून दिली. "आज पळाला," म्हणाले, "पण मैदान सोडून."

तेव्हा एकच उपाय उरला. आतोबांनी गोलामागेच उभं राहायचं, पण खाकी कोट नाही, पिशवी नाही, आणि तोंड हसरं. पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. तिसरीसाठी आतोबा आठवडाभर आत्याच्या आरशापुढे सराव करत होते. त्यांना हसू येत नसे असं नाही, पण ते फुटबॉलपुढे टिकत नसे. ते ओठ फाकवत, दात दाखवत आणि तसेच धरून ठेवत. एका सकाळी आत्या पाणी घेऊन आत गेली आणि कळशी टाकून बाहेर आली. "अरे, वैद्याला बोलाव," मला म्हणाली, "यांचं तोंड वाकडं झालंय."

सामना पलटणीच्या संघाशी होता. आतोबा पांढरं धोतर, माझा लग्नातला काळा कोट आणि फेटा घालून गोलामागे उभे राहिले आणि हसू लागले. ते हसू काय सांगू! दात आवळलेले, गालाच्या शिरा ताणलेल्या, कपाळावरून घाम ओघळतोय आणि तोंड कानापर्यंत फाकलेलं. आजूबाजूची माणसं हळूहळू सरकून लांब गेली. पलटणीचा गोलकीपर दांडगा शिपाई होता, पण तोही दर मिनिटाला मागे वळून बघायला लागला. शेवटी न राहवून म्हणाला, "क्या है? क्या चाहिए?" आतोबा काय बोलणार; बोलले असते तर धरून ठेवलेलं हसू निसटलं असतं. हाफटाइमला ते हसतहसतच मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेले. खेळ पुन्हा सुरू झाला. रशीद चेंडू घेऊन पुढे आला, मान वर केली, आणि थांबला. मला वाटलं, संपलं. पण रशीद हसला. अगदी खदखदून हसला, हसत हसत एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि चेंडू कोपऱ्यात.

त्या एका गोलावर दुकानात महिनाभर वाद चालला. हवालदारांच्या मते रशीदचा दम परत आला होता. टेलर मास्तर म्हणत, गोलकीपर घाबरला होता, तो गोल खरं तर आतोबांच्या नावावर लिहायला हवा. आतोबा दाराशी उभे राहून गाल चोळत होते.

दिवाळी झाल्यावर एक दिवस मी वर्गात शिकवत असताना खिडकीशी आतोबा दिसले. खाकी कोट, पिशवी, आणि तो चेहरा. मी बाहेर गेलो.

"रशीदच्या घरची हाय," म्हणाले.

"काय आहे?"

"ठावं न्हाई. बाबूनं तोंड फिरवलं."

मी म्हणालो, "दुसऱ्या शिपायाकडे द्यायची होती, आतोबा."

"दिली हुती. वाटंतनं परत घेतली. त्यो दारात टाकून निघून जाईल रं. तू चल. विंग्रजी वाचाया कुणी तरी पायजे."

आम्ही सायकल हातात धरून चालत गेलो. सगळी गल्ली भिंतींना चिकटून उभी होती. आतोबांचे दात वाजत होते, पण पाय थांबत नव्हते. रशीद अंगणातच होता. आम्हाला बघून त्यानं हातातलं सूत हौदात सोडलं.

आतोबा त्याच्यापुढे उभे राहिले. आभाळाकडे बघितलं नाही, त्याच्याकडेच बघितलं. "रशीद, काय हाय ते मला ठावं न्हाई. खोटं सांगत न्हाई. मास्तरला संगट आणलंय."

रशीदचे हात निथळत होते. त्यानं मानेनंच मला खूण केली. मी लिफाफा फोडला. अक्षरं काही केल्या जागेवर राहीनात. मग एकेक शब्द लागला. भाऊ जबर जखमी होता. दवाखान्यात होता. जिवंत होता.

"जिवंत आहे," मी आधी तेवढंच मोठ्यानं म्हणालो.

आतोबा हौदाशेजारच्या ओल्या पोत्यावर बसले. आतून रशीदची अम्मा धावत आली. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "अम्मा, हाय. जित्ता हाय तुमचा ल्योक. म्या... बसतो जरा." अम्मा रडत होती आणि रडता रडता तिनं त्यांना चहा दिला. कप बशीवर इतका वाजत होता की शेवटी रशीदनं बशी खालून धरली. आतोबांनी चहा संपवला. सही घ्यायची राहिली, तिची मी आठवण करून दिली.

भाऊ एक हात गमावून परत आला. लढाई संपल्यावर दोघं भाऊ अम्माला घेऊन सोलापूरला मामांकडे गेले. तिथे रंगाचं काम मोठं होतं. पेठेच्या संघाला तसा सेंटर फॉरवर्ड पुन्हा मिळाला नाही. आतोबा पेन्शनीत निघाले. मग कधीमधी मी त्यांना संध्याकाळी मैदानावर नेत असे. ते आता गोलामागे जात नसत, कडेला माझ्याजवळ बसत आणि अंधार पडायच्या आत घरी न्यायला सांगत.

अशाच एका संध्याकाळी ते म्हणाले, "गड्या, पलटणीवरचा त्यो गोल कसा झाला रं?"

"कसा म्हणजे? तुमच्या पुढ्यातच तर झाला."

आतोबा ओशाळले. जमिनीवरची काडी उचलून मोडत राहिले. "म्या कवा बघितला? रशीदनं पाय उचलला की म्या डोळं मिटून घ्यायचो. त्याचा एक बी गोल बघितला न्हाई म्या. माणसं वराडली की कळायचं."

मग मी त्यांना तो गोल सांगितला. मध्यावरून, पहिल्यापासून. रशीद कसा निघाला, कुणाला कसं चुकवलं, सगळं. सांगता सांगता बघितलं तर आतोबांनी डोळे गच्च मिटले होते आणि माझं मनगट धरलं होतं.

"गेला का रं?" ते म्हणाले.

"गेला, आतोबा."