समुद्र शेवटच्या दिवशी

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात कुठलीही नवी वस्तू ती नवी असताना वापरलेली नाही. दाजी म्हणजे माझे थोरले साडू, माझ्या बायकोच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहणार लातूर, सारी नोकरी लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत मास्तरकीची, आता पेन्शन. दिवाळीत घेतलेला शर्ट ते कपाटात ठेवतात, कुणाच्या तरी लग्नात घालू म्हणून. आणि लग्न आलं की 'मांडवात हळदीचे डाग पडतेत' असं म्हणून जुनाच अडकवून निघतात. पाच-सहा वर्षांनी तो कपाटातला शर्ट बाहेर येतो तेव्हा दाजींचं पोट शर्टाच्या पुढे गेलेलं असतं आणि शर्ट नांदेडला माझ्याकडे रवाना होतो. माझ्या अंगावरचे निम्मे शर्ट असे कोरे करकरीत आणि दहा वर्षांमागच्या कॉलरचे आहेत. मुलीच्या लग्नाच्या वेळी घेतलेल्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक तिचं पोरगं शाळेत जायला लागलं तरी निघालेलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावर बसलेला पाहुणा उठताना पाठीचं सालटं सोबत घेऊनच उठायचा.

खाण्यापिण्यातही तेच. घरात केशर आंब्याची पेटी आली की दाजी पहिल्यांदा डागी आंबे निवडत. 'चांगले कुठं पळून चाललेत?' हा त्यांचा ठरलेला सवाल. चांगले पळत नसत, पण दुसऱ्या दिवशी त्यांतल्या चारांना डाग पडत, तिसऱ्या दिवशी आणखी सहांना, आणि अशा रीतीने उत्तम आंब्यांची अख्खी पेटी दाजी दरवर्षी डागी करून संपवत. पानातला गोड पदार्थही शेवटी खायचा हा नियम. चाकूरला पुतणीच्या लग्नात त्यांनी वरण-भात, भाजी, वांगी असं सगळं शिस्तीत संपवलं, दोन जिलेब्या पानाच्या कोपऱ्यात जपून ठेवल्या, आता हात घालणार तोच पंगतीतले वडीलधारे उठले. पंगत उठल्यावर खात बसणं दाजींच्या शिस्तीत बसेना. जिलेब्या पानात राहिल्या. गाडीत बसल्यावर म्हणाले, 'साडूभाऊ, जिलबी चांगली दिसायली व्हती.'

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांना हसण्याची माझी छाती नाही. लातुरात नळाची वाट दिवसांच्या हिशेबात बघावी लागते, आणि ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस पाणी दिसलं की भांडं शोधणारच. दाजींच्या घरी हौद, गच्चीवर टाकी, न्हाणीत दोन निळी पिंपं, स्वयंपाकघरात हंडे-कळश्या आणि पलंगाखाली बाटल्यांची रांग. नळ आला की दाजी जेवणावरून उठत, पूजेवरून उठत. एकदा मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरून 'आलोच' म्हणून उठले ते पाऊण तासानं धोतर पिळत परतले. तरी सोयरीक जमली. पाहुणे उदगीरचे होते, तिथंही पाण्याची तीच गत, त्यांना समजलं असणार.

तीच मुलगी पुढे नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली आणि आईबापाच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा तिनं त्यांना तिकडे बोलावून एका बेटावर सात दिवसांसाठी पाठवायचं ठरवलं. दाजींनी गल्लीत जाहीर केलं, 'वेस्ट इंडीजला चाललाव.' गल्लीला वेस्ट इंडीज फक्त क्रिकेटमुळे ठाऊक. 'मॅच हाय का मास्तर?' असं सगळ्यांनी विचारून घेतलं. मॅच नव्हती. समुद्राला लागून हॉटेल, राहणं, खाणं, पिणं, नाश्ता, सरबतं सगळं आधी भरलेल्या पैशांतच धरलेलं. मनगटाला एक पट्टी बांधायची आणि कुठेही जाऊन काहीही मागायचं.

अक्का, म्हणजे दाजींची बायको, मात्र समुद्र एवढंच ऐकून बसली होती. या दोघी बहिणींचं माहेर नदीकाठचं, पण भाऊ पोहायचे आणि पोरींनी काठावर धुणं धुवायचं अशी रीत. साठीची झाली तरी अक्का कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. जाण्याआधी ती माझ्या बायकोला घेऊन गंजगोलाईच्या बाजारात गेली आणि आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस घेऊन आली. गडद निळा, साधा. साडी पाण्यात पायात येते, म्हणून. 'यांचा हात धरून एकदा समुद्रात उभं राहायचं हाय,' असं तिनं दुकानात सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते, असं माझी बायको सांगते. चाळीस वर्षांत रस्ता ओलांडतानाही या नवराबायकोनं एकमेकांचा हात धरलेला कुणी पाहिला नव्हता.

आता बेटावर काय झालं ते ऐका. जेवणाच्या दालनात पन्नास पदार्थ मांडलेले, आणि आमचं हे जोडपं पहिले तीन दिवस खोलीत बसून लातूरहून नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खात होतं. कारण दाजींचा हिशोब सरळ होता: घरचं आधी संपवू, नाहीतर खराब होईल, त्यांचं कुठं पळून चाललंय. खोलीतले पांढरेशुभ्र टॉवेल 'नवे दिसायलेत, ऱ्हाऊ द्या' म्हणून घडीतच राहिले आणि समुद्रकाठच्या खुर्चीवर दाजींचा पंचा वाळत पडला. आणि न्हाणीतला तो लांबलचक टब. दाजींनी खोलीत पाऊल टाकल्याबरोबर नळ सोडला आणि टब काठोकाठ भरून ठेवला. सकाळी साफसफाई करणारी बाई आली, तिनं टब रिकामा करून लख्ख पुसला. दाजींनी परत भरला. दुसऱ्या दिवशी तिनं परत सोडून दिला. एकमेकांची भाषा येत नसताना, एकमेकांना हसून नमस्कार करत, त्या दोघांनी हे सात दिवस चालवलं. अक्का म्हणायची, 'अहो, खिडकीत अख्खा समुद्र हाय आन् तुम्ही टब भरायलाव.' त्यावर दाजींचं उत्तर, 'त्यो खारा हाय.'

ही टबाची गोष्ट मी आमच्या सगळ्या नात्यागोत्यात पोचवली. बारशात सांगितली, साखरपुड्यात सांगितली, बाईचा नमस्कार करून दाखवला, दाजींची बादली शोधणारी नजर करून दाखवली. दाजी स्वतः डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. अक्काही हसायची. एकदा अशाच गर्दीत कुणीतरी तिला विचारलं, 'अक्का, समुद्र कसा व्हता?' ती पानाला चुना लावत होती. मान वर न करता म्हणाली, 'लांबून लई चांगला व्हता.' सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्याची मला आज लाज वाटते.

कारण अक्काच्या त्या उत्तरामागचं मला नंतर बायकोकडून कळलं. पहिल्या दिवशी सकाळी अक्कानं विचारलं, 'जायचं का पाण्यात?' दाजी म्हणाले, 'पहिल्याच दिवशी पाण्यात गेलं तर मग बाकीचे सहा दिवस बघायचं काय? शेवटच्या दिवशी जाऊ. तवर ड्रेस बी नवा ऱ्हातोय.' दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. ती रागावली नाही. छत्रीखाली खुर्ची टाकून दोघं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शेजारी बसायचे, आणि ते तिला आवडलं होतं हेही खरं. 'सात दिवस मी गॅस पेटवला न्हाई, कुणाला वाढलं न्हाई,' असं ती मोठ्या नवलानं सांगायची. एकटी पाण्यात का गेली नाहीस, असं माझ्या बायकोनं तिला विचारलं. 'एकटीला कशाला जायचं व्हतं मला?' एवढंच ती बोलली.

सातव्या दिवशी सकाळी तिनं ड्रेस काढून पलंगावर मांडला. दाजींनी जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि गॅलरीत येऊन बघतात तर काठावर लाल झेंडा. वारं सुटलं होतं, लाटा खुर्च्यांपर्यंत येत होत्या, आणि शिट्टीवाला राखणदार कुणालाच खाली जाऊ देत नव्हता. दुपारच्या गाडीपर्यंत झेंडा तसाच राहिला. अक्कानं ड्रेस घडी करून पिशवीत घातला. दाजी म्हणाले, 'पुढच्या टायमाला पहिल्याच दिवशी जाऊ. उतरलं की सरळ समुद्र.' मुलगीही दरवर्षी बोलवत होती. पण एका वर्षी गच्चीला पत्रे घालायचे निघाले, एका वर्षी दाजींचा मोतीबिंदू. दोन वर्षं अशी गेली.

गेल्या मार्गशीर्षात अक्का गेली. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली ती तशीच. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी नवी साडी मागितली, आणि दाजींनी ट्रंक उघडली तेव्हा आत घडी न मोडलेल्या साड्यांचा ढीग निघाला. हिरवी कोणती नेसवायची यावर बायका हळू आवाजात बोलत होत्या. तेवढ्यात दाजी आतल्या खोलीतून आले. हातात तो निळा ड्रेस, किमतीचं लेबल अजून त्याला. दारात उभे राहिले. कुणालाच काही उमजेना. एका म्हाताऱ्या चुलतीनं 'मास्तर, हे कशाला?' असं विचारलंही. माझी बायको उठली, त्यांच्या हातातून ड्रेस घेतला, दातानं लेबल तोडलं आणि हिरव्या साडीच्या आत, अक्काच्या हातापाशी ठेवला. दाजी म्हणाले, 'म्या ठिवायला लावला व्हता.' मग भिंतीला टेकून खाली बसले. मी इतकी वर्षं या माणसाची नक्कल करत आलो होतो, त्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

मागच्या महिन्यात मी लातूरला गेलो होतो. दाजींच्या अंगावर नवा शर्ट होता, घडीच्या रेघा दिसत होत्या. दिवस साधा मंगळवार, सणवार काही नाही. सोफ्यावरचं प्लॅस्टिक निघालं होतं. मला वाटलं विचारावं, मग वाटलं नको. त्यांनी आंब्याची पेटी पुढे ओढली, सगळे आंबे चाचपून पाहिले आणि त्यातला सगळ्यांत देखणा माझ्या हातात दिला. डागी बाजूला काढले. 'खावा,' म्हणाले. आम्ही दोघांनी चार-चार आंबे खाल्ले. फार गोड होते. या घरात तीस वर्षांत मी पहिल्यांदाच चांगला आंबा खात होतो आणि अक्का तिथं नव्हती.

हात धुऊन बसल्यावर दाजी म्हणाले, 'साडूभाऊ, तुमच्या मंडळींनी समुद्र बघितलाय का?'

'नाही,' मी म्हणालो.

'मग घिऊन जावा की. गोव्याला जावा न्हाईतर कोकणात, कुठं बी. आन् पहिल्याच दिवशी पाण्यात उतरा.'

'जायचंच आहे दाजी,' मी म्हणालो. 'आता पोराच्या परीक्षा आहेत, मग पाऊस. बघू, दिवाळीनंतर.'

दाजी माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात मागच्या न्हाणीत नळ फुसफुसला आणि रिकाम्या पिंपात पाण्याची धार पडायला लागली. शेजारीपाजारी बादल्यांचे आवाज सुरू झाले, कुणीतरी हाक मारून सांगितलं, 'मास्तर, नळ आला हो.' दाजी तसेच बसून होते.