वैशाखऱ्याला यायचा व्हिसा

मी न्यूझीलंडला निघाले तेव्हा आमच्या गावच्या, वैशाखऱ्याच्या नाक्यावर अर्धी आळी जमली होती. भाड्याची गाडी माळशेजच्या रस्त्याकडेला उभी, बाबा टपावर माझी बॅग बांधत होते. शेजारच्या काकूने विचारलं, "कवापासून व्हिसा व्हिसा चाललंय, तो म्हंजे काय गो?" मी उत्तर जुळवेपर्यंत बाबांनीच सांगितलं, "दुसऱ्याच्या घरात शिरायच्या आधी आपण विचारतो ना, येऊ का? तोच." काकूला पटलं. मलाही.

तिकडे मी म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये नर्स झाले. रोस्टर, शिफ्ट, जुलैतली थंडी, सगळं अंगवळणी पडलं. पुढे तिथलं नागरिकत्व घेतलं. त्या समारंभात प्रत्येकाला एक रोप देतात. ते घेऊन घरी आले, कुंडीत लावलं आणि बाबांना फोटो पाठवला. "जगलं पाहिजे," एवढंच ते म्हणाले. दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडे चालत नाही, म्हणून भारताचा पासपोर्ट जमा केला. तो रद्दचा शिक्का मारून परत आला. मी तो कपाटात ठेवला आणि विसरूनही गेले.

मग संदीपचं, माझ्या धाकट्या भावाचं, लग्न घाईत ठरलं. माझ्यासारख्यांना भारतात कायम ये-जा करायला एक वेगळं कार्ड मिळतं, पण ते हाती पडेपर्यंत लग्न होऊन गेलं असतं. उरला ई-व्हिसा. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडला आणि घरी आई-बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"वैशाखऱ्याला यायला आता तुला विचारावं लागंल?" बाबांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग वाच की. काय काय विचारतात ते तरी कळू दे."

मी वाचत गेले. यापूर्वी भारताला भेट दिली आहे का? जन्मून, वाढून, शिकून निघालेल्या माणसाने इथे काय लिहायचं, यावर आमचा तिघांचा बराच वेळ गेला. पुढचा प्रश्न शरीरावरच्या खुणेचा होता. माझ्या हनुवटीवर व्रण आहे. तो शाळेत घसरगुंडीवरून पडल्याचा, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. "घसरगुंडी कसली?" बाबा म्हणाले. "माझ्यामागं बांधावरून गवताचा भारा घेऊन येत होतीस. नको म्हटलं तरी ऐकलं नायस. तोंडावर पडलीस, पण भारा सोडला नायस."

आईचं जन्मस्थान विचारलं होतं. मामाचं घर खर्डीला, म्हणून मी बिनधास्त खर्डी टाइप केलं. आई मागून म्हणाली, "खर्डी नाय गो. उंबरमाळी."

"उंबरमाळी कशी?"

"माझी आय बाळंतपणाला तिच्या माहेरी गेली व्हती. रुळाच्या कडेला घर. गाडी गेली का मी दचकून रडायची, असं ती सांगायची."

आईला हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री उशिरापर्यंत आम्ही नुसतं तेच बोलत बसलो. फॉर्म तसाच उघडा.

भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता, फोन. तिथे बाबांचं नाव लिहिलं. आणि बाबांनी ते फारच मनावर घेतलं. सरकारचा फोन आला आणि लागला नाही तर? आमच्या घरात रेंज धड येत नाही. संदीप सांगायचा, बाबा सकाळपासून नाक्यावर जाऊन उभे असतात, हातात फोन. हिंदीत विचारतील की इंग्रजीत, म्हणून दोन्हीतली उत्तरं त्याच्याकडून पाठ करून घेतली होती. फोन काही आला नाही. मंजुरीचा ईमेल आला. ते कळवलं तेव्हा म्हणाले, "आलं? बरं झालं." थोडे हिरमुसले होते.

मुंबईच्या विमानतळावर मी परदेशी नागरिकांच्या रांगेत उभी राहिले. शेजारच्या रांगेतले लोक मराठीत कुणाला तरी फोन करत होते. वाईट वाटेल असं धरून चालले होते, पण मनात एवढंच होतं की गावाकडे जाणाऱ्या कल्याण-मुरबाड रस्त्याचं काम आता कुठवर झालंय.

घरी पोचल्यावर मात्र बिचकले. आईने खुर्ची दिली, बाटलीतलं पाणी दिलं, कामाला हात लावायला गेले तर "बस गो, दमलीस" म्हणाली. संध्याकाळपर्यंत तसंच. पाहुणी झाले की काय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हळदीच्या जेवणासाठी मोड आलेल्या वालांची मोठी परात ओटीवर आली. सोलायला बायका कमी होत्या. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि परात सरळ माझ्यासमोर सरकवली.

संदीप माझा व्हिसा फोनवर वाचत बसला होता. म्हणाला, "आई, हिला या व्हिसावर इथं काम करायला बंदी आहे. लिवलंय तसं."

"मग जेवाय बी नको सांग," आई म्हणाली आणि आत गेली.

तुमच्यापैकी जे परदेशात आहेत, ते विचारतात की आता घर म्हणजे नेमकं कुठलं. कुंडीतलं ते रोप आता माझ्या कमरेपर्यंत आलंय, तेही घरच. पण त्या सकाळी बाबा नाक्यावरून नारळ घेऊन आले, माझ्याजवळ बसले, मूठभर वाल उचलले आणि म्हणाले, "हळू सोल, डाळिंब्या मोडतायत." आदल्या दिवशी आल्यापासून मला कुणी रागावलं नव्हतं, हे पहिलंच. मी हळू सोलायला लागले.