एका मिलिमीटरसाठी कड्याला

"बीड जिल्ह्यात जाऊन बघणार काय तू?" नवऱ्याने विचारलं.

"कडा स्टेशन."

त्याने चष्म्यावरून नुसतं पाहिलं. संसाराच्या बत्तीस वर्षांत ही नजर त्याने चांगलीच घोटून घेतलीय. मी डबा पिशवीत टाकला आणि शिवाजीनगरहून नगरची एसटी पकडली.

आधी थोडं सांगायला हवं. मी रेल्वेची मॉडेलं बनवते. खेळण्यातली झुकझुकगाडी नव्हे हं, कुणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं! सगळं खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढं. आपली ब्रॉडगेज पाच फूट सहा इंचांची, म्हणून माझ्या रुळांमधलं अंतर बरोब्बर बावीस मिलिमीटर. त्या प्रमाणातली तयार इंजिनं मिळतात ती परदेशी, अरुंद रुळांची. ती विकत घ्यायची, उघडायची, लांब एक्सल करून चाकं रुंद बसवायची आणि वरून कापाकापी करून आपल्या डिझेलचा चेहरा द्यायचा. नगरकडून बीडकडे नवी लाइन झाली तेव्हा माळावर एकट्या उभ्या असलेल्या कडा स्टेशनचा फोटो पाहिला आणि मी पडलेच त्याच्या प्रेमात. दोन वर्षं खपून ते बनवलं. सोळा फूट लांब, तीन लाइनी आणि लाइन बांधताना खडी वाहायची तशी एक गाडी. पुण्यातल्या मॉडेलवाल्यांच्या प्रदर्शनात ते मांडायचं होतं, दीड महिना उरला होता आणि गाडी चालत नव्हती. हातभर गेली की चाकं रुळावर चढून बसायची. पुण्यातल्या वर्कशॉपने एक्सल मापापेक्षा जास्तच लांब केले, असं माझं ठाम मत. वर्कशॉपवाला म्हणे, माप चोख आहे. मी त्याच्याशी कडाकडा भांडून आले होते.

आणखी एक गोष्ट, जी मी या ब्लॉगवर कधी लिहिली नव्हती. माझे हात थरथरतात. मी दातांची डॉक्टर. थरथरता हात तोंडाशी आला तर पेशंट खुर्चीतून पळेलच, म्हणून दवाखाना बंद केला. मॉडेलचं काम रेटत होते, पण सोल्डरिंगचं लहानसं काम सकाळपासून दुपारपर्यंत पुरायला लागलं होतं. हे स्टेशन शेवटचं, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला बोलले नव्हते. आणि ते शेवटचंच चालेना, याचं फार वाईट वाटत होतं.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: नगरहून या लाइनला गाड्या मोजक्याच आहेत, आदल्या दिवशी वेळ पाहूनच निघा. तिकीट इतकं स्वस्त की पैसे देताना लाजल्यासारखं होतं. पाणी आणि खाणं सोबत ठेवा. गर्दी बेताची, त्यामुळे खिडकी मिळते. बाहेर ज्वारी, उघडा माळ, मध्येच उसाचा हिरवा तुकडा, मग पुन्हा माळ. मी तोंड खिडकीला लावून बसले होते.

समोर पटकेवाले एक काका. नगरच्या बाजारात शेळ्या विकून ते नांदूरघाटला परत निघाले होते, बीडहून पुढे एसटीने. माझ्या मांडीवरच्या डब्याकडे त्यांचं केव्हाचं लक्ष होतं.

"काय हाय त्यात?"

"इंजिन."

"मोटारीचं?"

"रेल्वेचं." मी झाकण उघडून दाखवलं.

"आयला! लई झाक हाय की. पळतं का?"

"तेच तर दुखणं आहे. एक्सलचं माप चुकलंय."

"मग कड्याला जमीलचाचाकडं जावा. माझी सासुरवाडी हाय तिथं. सासऱ्याची कडबाकुट्टीची मशीन मोडलती, नगरवाले म्हणले फेकून द्या. चाचानं अशी उभी केली, आज बी चालायलीय."

मी फक्त फोटो काढायला निघाले होते. काका भेटले नसते तर फोटो काढून परत आले असते. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

कडा स्टेशनावर उतरले तेव्हा दहा-बारा माणसं उतरली आणि पाच मिनिटांत पांगली. मी वेड्यासारखी एकटीच बाकांना हात लावत फिरत होते. बाकांचा रंग मी चुकवला होता, खांब बरोबर होते. मग रिक्षाने गावात. उसाचा हंगाम, कारखान्याचं गाव. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि हवेत मळीचा वास. चाचांच्या पत्र्याच्या शेडपुढे तीन ट्रॉल्यांची चाकं उतरवून ठेवलेली. अशा दिवसांत लेथवाल्या टर्नरला मान खाजवायला फुरसत नसते. मी डबा घेऊन दारात उभी राहिले आणि मलाच माझं हसू आलं.

जमीलचाचा सत्तरीचे, पांढरी दाढी, तेलकट बंडी. मी पुण्याची दातांची डॉक्टर, रुळांमध्ये बावीस मिलिमीटर हवेत, असं सांगत मी ड्रॉइंग पुढे केलं. त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"कागद राहू द्या. नमुना दावा."

या शेडमध्ये कागदावरून काम होत नाही. मोडलेली वस्तू आणायची, ती जिथं बसते तो भाग आणायचा, मगच लेथ सुरू होतो. नशीब माझं, की घरून वीतभर रुळाचा तुकडा आणला होता. चाचांनी आधी एक्सलला व्हर्निअर लावला, मग रुळाला. मग पुन्हा रुळाला.

"डॉक्टरीणबाई, एक्सल बरुबर हाय. रुळामधलं अंतरच आखूड हाय. बावीस कुठंय? एकवीसच्या जरा वर भरतंय."

"शक्यच नाही!" मी उसळले. "साचा मी स्वतः कापलाय."

"साचा हाय का संगं?"

होता. कवळीसाठी वापरतात त्या ॲक्रिलिकचा, दोन खाचांचा. त्यात रूळ धरून मी सगळी लाइन सोल्डर केली होती. चाचांनी तो उजेडात धरला.

"ह्या खाचेच्या मधापासून त्या खाचेच्या मधापर्यंत बावीस घेतलं तुमी. आतून आतून घ्याया पाहिजे होतं. माप बरुबर हाय, जागा चुकली."

चाचांचंच खरं होतं. रुळाच्या डोक्याची जाडी मी मापातच गिळली होती. सोळा फूट, तीन लाइनी, सगळं एक मिलिमीटरने अरुंद. आणि त्या बिचाऱ्या वर्कशॉपवाल्याला मी काय काय बोलले होते! (पुण्यात आल्यावर त्याची माफी मागितली. पेढे घेऊन गेले होते.)

"एक्सलच आखूड करून देता का?" मी विचारलं. "एका मिलिमीटरने कुणाला कळतंय!"

"देतो की. दहा मिनटाचं काम हाय." चाचांनी व्हर्निअर खाली ठेवला. "पर तुमाला कळंल ना."

तेवढ्यात चहा आला. कपबशी उचलली तशी ती खडखडायला लागली. मी घाईने खाली ठेवली आणि हात पदराखाली घेतला. पण चाचांनी पाहिलं होतं. मग काय झालं कोण जाणे, नवऱ्यालाही न सांगितलेलं या अनोळखी माणसाला सांगून मोकळी झाले. रूळ उखडून पुन्हा लावायचं म्हणजे तापलेलं सोल्डरिंग आयर्न हातात धरायचं, ते आता माझ्याच्याने व्हायचं नाही, म्हणून हे शेवटचं.

चाचांनी आपला उजवा हात हवेत धरला. तो माझ्याहून जास्त थरथरत होता.

"धा वर्सं झाली. कावून घाबरता? मोकळा सोडला की हालतो, टेकू दिला की गप बसतो." त्यांनी कोपर लेथवर टेकवलं, आणि हात खरंच थांबला. "तुमचा साचा लई हलका हाय. हलकं माप हातासंगं थरथरतं. उद्या या. आन सगळं उखडू नका. येकच रूळ सरकवा, दुसऱ्याला कशाला हात लावायचा?"

रात्रीच्या मुक्कामाला आष्टी गाठली. लॉज साधा, चादर स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. जेवायला बाजरीची भाकरी आणि भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची येसरआमटी. इतकी झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या निमित्ताने थोडं रडूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी हातावर ठेवला तो पोलादाचा ठोकळा, तळाला दोन बारीक खाचा. चांगला अर्धा किलोचा. वर मनगट टेकवायला रुंद सपाट जागा. खाचांच्या आतल्या कडांमध्ये बावीस, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. ट्रॉलीवाले तिघे ताटकळत होते, त्यातला एक कुरकुरला, "चाचा, आमची गाडी उभीय, आन तुमी खेळणी करायलात व्हय?"

"गप बे," चाचा म्हणाले. "रेल्वेचं काम हाय."

मजुरी सांगितली तेवढीच घेतली. जास्त देऊ केले तर डोळे वटारले. त्यांच्या घरून आलेल्या डब्यातली खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा अर्धा माझ्या पुढ्यात सारला आणि जेवल्याशिवाय हलू दिलं नाही.

पुण्यात आल्यावर आधी नवऱ्याला हाताचं सांगितलं. तो म्हणाला, "मला काय दिसत नव्हतं? तू सांगायची वाट बघत होतो." मग कामाला लागले. ठोकळा रुळांवर ठेवायचा, मनगट त्यावर टेकवायचं, आणि सोल्डर लावायचं. पहिल्या दिवशी हातभर रूळ सरकला. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. एका लाइनीवरून दुसरीवर जायच्या सांध्यांनी जीव काढला, दोन फुकट गेले. प्रदर्शनापर्यंत दोनच लाइनी झाल्या, तिसरीवर खडीचे डबे नुसते उभे केले. पण प्रदर्शनाचे दोन्ही दिवस इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही न अडखळता धावलं. हात थरथरतच होता. मी तो पदराखाली घेतला नाही.

शेवटच्या संध्याकाळी तिथूनच चाचांना फोन लावला. मागे लेथचा आवाज होता.

"चाचा, पळाली गाडी!"

"पळणारच की. आता काय बनवायलात?"

काहीच बनवणार नव्हते मी. पण तोंडातून निघून गेलं, "परळी."

"परळी? जंक्शन हाय ते. लई रूळ लागतील, डॉक्टरीणबाई."

"लागू द्यात," मी म्हणाले.