सिमेंटचं स्टेज

हिरामण नानाला ऐकू येत नाही हे ऑर्केस्ट्रात कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त घरी, उज्वलाला, त्याच्या बायकोला. तीस वर्षं ड्रमच्या शेजारी उभं राहून बेस गिटार वाजवली, त्याची बिदागी म्हणून उजवा कान पार गेला आणि डाव्यात सगळं पाण्याखालून आल्यासारखं घुमायला लागलं. मशीन घ्या म्हणून उज्वला मागे लागायची. पण कानात मशीन घातलेल्या वादकाला बोलावणार कोण? आणि चोपन्नाव्या वर्षी बेस सोडून करायचं तरी काय? म्हणून नाना कोणी काहीही विचारलं तरी हसून "हो, हो" म्हणायचा आणि वेळ मारून न्यायचा.

वाजवण्याचं त्याने आपल्यापुरतं जमवलं होतं. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा ट्यूनर लावायचा. हिरवा दिवा लागला की तार जुळली. बाकीचं सगळं पायाने. मांडवातलं स्टेज फळ्यांचं असतं. चपला काढून उभं राहिलं की इब्राहिमच्या ड्रमचा ठोका फळीतून तळव्यात यायचा, आणि मागे ठेवलेल्या, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पच्या जड पेटीला टाच टेकवली की स्वतःचा सूर पोटरीत चढायचा. दोन्ही जुळले की झालं. आठ महिने त्याने असे पायाने ऐकून काढले, आणि कोणाच्या बापाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी ओझरच्या अलीकडे एका लॉन्सवर हळदीचा कार्यक्रम होता. टेम्पोतून अ‍ॅम्प उतरवून नानाने स्टेजवर पाय ठेवला. स्टेज सिमेंटचं होतं. वर लाल गालिचा, खाली भरीव कोबा. पलीकडे इब्राहिमने ड्रमवर दोन ठोके मारून पाहिले. नानाच्या तळव्याला काही म्हणजे काही कळलं नाही.

"मी इब्राहिमच्या शेजारी थांबतो," तो ऑर्केस्ट्राच्या मालकाला, गोरक्षला म्हणाला.

स्टेजवर सगळेच एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलतात, तेवढीच नानाची सोय. गोरक्ष डाव्या कानाशी ओरडला, "नाय नाना, तिथं कीबोर्ड हे. तुम्ही या टोकाला. अन् जरा नीट वाजवा. मागच्या दोन कार्यक्रमांत लोक म्हणले, बेस मागं पडतोय. आज परत तसं झालं तर मी बेस कीबोर्डवरच घेणार. मग माझा नाईलाज हे."

नाना अ‍ॅम्पकडे वळला. सवयीने त्याने सगळं क्रमाने केलं: आधी व्हॉल्यूम शून्यावर, मग केबल, मग स्विच. गेनचा नॉब लाल दिवा लुकलुकेपर्यंत वर, मग थोडा मागे. आता सिमेंटच्या जागेत जाड आवाजाचा बेसचा नॉब उतरवायचा आणि मधल्या पट्टीचा मिड चढवायचा, नाहीतर नुसती घूं घूं होते. हे त्यानेच कितीतरी पोरांना शिकवलं होतं. पण मिड पोटरीला कळत नाही, त्याला तो काय करणार? त्याने बेसचा नॉब गच्च उजवीकडे फिरवला, व्हॉल्यूम चढवला आणि पेटीला टाच दाबून तार छेडली. धक्का थेट गुडघ्यापर्यंत आला. बुडत्याला काठ लागावा तसं त्याला वाटलं.

ऊन उतरल्यावर गाणी सुरू झाली. पहिली दोन त्याने इब्राहिमच्या खांद्याकडे बघत कशीबशी काढली. तिसऱ्याला नाचणारी माणसं स्टेजवर चढून मध्ये आली आणि इब्राहिम दिसेनासा झाला. तेव्हा नानाने डोळे मिटले आणि मनातल्या ठेक्यावर सुटला. पेटी टाचेखाली थरथरत होती, गिटारवरचं एकही घर चुकत नव्हतं. आज मागे पडतोय म्हणून दाखवा, तो मनातल्या मनात गोरक्षला म्हणत होता.

नेमकी तेव्हाच लॉन्ससमोरच्या रस्त्याने अंत्ययात्रा आली. अशा वेळी वाजणारं जागच्या जागी थांबवायचं ही वाजवणाऱ्यांची रीत. ती कोणाला सांगावी लागत नाही. गोरक्षने हात वर केला. ड्रम थांबला, कीबोर्ड थांबला, गाणारी हर्षाली शब्द अर्धा टाकून गप्प झाली. हळदीने पिवळी झालेली माणसं हात जोडून उभी राहिली. आणि त्या शांततेत एकटा बेस नाचाचं गाणं ठोकत राहिला, जोरात, खुशीत.

टाचेखालची पेटी एकदम मेली. लाइट गेली वाटतं, म्हणून नानाने डोळे उघडले. दिवे चालू होते. गोरक्षच्या हातात अ‍ॅम्पची उपटलेली पिन होती. सगळा मांडव नानाकडे बघत होता आणि फाटकापलीकडून चार खांद्यांवरची तिरडी पुढे सरकत होती. नानाला सगळं समजलं.

गोरक्ष काहीतरी म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. नाना हसला आणि म्हणाला, "हो, हो."

गोरक्षने इब्राहिमकडे पाहिलं. इब्राहिमने मोबाइल काढला, अंगठ्याने काहीतरी टाइप केलं आणि मान खाली घालून स्क्रीन नानासमोर धरली. तिच्यावर लिहिलं होतं: नाना, तुम्हाला ऐकायला येत नाय का?

"येतं की!" नाना म्हणाला. आपला आवाज केवढा निघाला हे त्याला कळलं नाही. रस्त्यावर अंत्ययात्रेतली शेवटची दोन माणसं थांबली आणि वळून त्याच्याकडे पाहू लागली.