इलारियाने आधी शाळा गाठली

वाळवंटातल्या सान एलियास गावात पाऊस पडत नाही. तरी इलारिया कुतुरुफो रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायची, आतली बाटली उजेडात धरायची आणि तक्त्यात शून्य लिहायची. एकोणचाळीस वर्षं. तिच्या आधी हेच काम तिचे वडील करत, तेव्हा तांब्याची खाण चालू होती आणि त्यांना कंपनीचा पगार होता.

खाण बंद पडली तशी कंपनीने वरच्या पठारावरची वसाहत मोडून लाकूड, पत्रे सगळं विकून टाकलं. राहिली ती सिमेंटची जोती. लोक खाली नदीच्या कोरड्या पात्रात उतरले. जागा सपाट होती, हमरस्ता जवळ होता, ट्रकवाले जेवायला थांबायचे. शाळाही तिथेच बांधली. मी त्या शाळेची मुख्याध्यापिका. वर राहिली ती एकटी इलारिया, तिचं घर, झडपांची पांढरी पेटी, आतले तापमापक आणि वडिलांच्या जुन्या वह्या.

त्या वह्यांतलं एक पान तिला तोंडपाठ होतं. चाळीस सालचं. ‘डोंगरावर बर्फ नाही, पाऊस. दुपारी नदी आली. खेचरवाल्यांचा तळ वाहून गेला.’ कंपनीने पात्रात एक खोलीसुद्धा का बांधली नव्हती, हे गावात फक्त तिला ठाऊक होतं. ती सांगायची, पण ज्या नदीत कुणी कधी पाणी पाहिलं नाही, तिची भीती कोण घेणार?

अठरा वर्षांपूर्वी एकदा तिने अख्खं गाव वर नेलं होतं. पाऊस पडला चार मिलिमीटर. लोक शिव्या देत खाली आले आणि बेकरीवाल्या नोल्बेर्तोने तिचं नाव शून्यबाई ठेवलं. तेव्हा मी शाळेत नवीन होते. मीही हसले होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका मार्चमध्ये तीन दिवस उकडत होतं. वारा उलटा, डोंगराकडून यायचा. चौथ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. पोरं वर्गात बसायला तयार नव्हती, खिडकीबाहेर हात काढून तळवे चाटत होती. साडेनऊला दार उघडलं. इलारिया उभी होती, नखशिखान्त भिजलेली.

“पोरी, मुलांना घेऊन वर चल.”

“इलारियाबाई, वर्ग चालू आहेत.”

“सतरा मिलिमीटर झालाय. माझी मावसबहीण डोंगरात शेळ्या राखते, तिला आत्ता फोन लागला होता. तिच्याकडे त्या उंचीवर बर्फ पडायला हवा. पाऊस पडतोय. सगळं पाणी इकडेच येणार.”

“चौकीवर विचारलंत?”

“सार्जंट म्हणतो, वरून हुकूम आला की बघू.”

एक्केचाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. आमच्याकडे मुलं बाईंना मावशी म्हणतात. सर्वांत धाकट्या मुलीने विचारलं, “मावशी, आपण सहलीला जायचं?” काहीच झालं नाही तर पालक माझी खिल्ली उडवतील, शिवाय वरिष्ठांकडून नोटीस. इलारियाने मला समजावलं नाही, विनवलंही नाही.

तेवढ्यात नोल्बेर्तोचा छोटा टेंपो फाटकाशी येऊन थांबला; वाटेत इलारियाने त्यालाही सांगितलं होतं. तो पावाच्या टोपल्या खाली फेकत होता.

“लहान पोरं मागे चढवा,” तो ओरडला. “मोठी चालतील.”

“तुमचा विश्वास आहे यावर?” मी विचारलं.

“मागच्या वेळी ती चुकली ना, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या दारात जाऊन ‘मी चुकले’ म्हणाली. माझ्याही. या गावात हे दुसऱ्या कुणी केलेलं दाखवा. चढवा पोरं.”

मी घंटा वाजवली.

वरची वाट अर्ध्या तासाची. चिखलात मोठ्या पोरांचे बूट रुतत होते, टेंपो आमच्या जोडीने रांगत होता. निम्म्यावर इलारिया थांबली. खाली, पात्राच्या अगदी मधोमध, तिच्या भावाचं, एफ्राइनचं, निळं घर होतं.

“त्याला सांगून झालंय,” ती म्हणाली. “शाळेत येताना वाटेत हाका मारल्या. म्हणाला, मॅच संपली की येतो.”

“मी जातो,” नोल्बेर्तो टेंपोतून उतरत म्हणाला.

“तू पोरांना ने. मी जाते.”

ती वळली. वीसेक पावलं गेली असेल, तोच आवाज आला. पाण्याचा वाटेना. खाण चालू असताना खडीच्या यंत्राचा यायचा, तसा. मग वळणावरून तपकिरी चिखलाची भिंत आली, तिच्यात मोठमोठे दगड आणि एक अख्खी बस. नोल्बेर्तोने धावत जाऊन इलारियाचा दंड धरला. ती सोडवून घ्यायला धडपडली, मग थांबली. शाळेचं छप्पर एका बाजूला कललं आणि दिसेनासं झालं. निळं घर त्याआधीच गेलं होतं.

पोरांपैकी कुणी रडलं नाही. मी एकामागून एक डोकी मोजत होते. एक्केचाळीस. परत मोजली.

घंटा ऐकून आणि आम्हांला जाताना बघून बरेच लोक मागोमाग निघाले होते, म्हणून वाचले. सार्जंट चौकीच्या छपरावर सात तास होता. तीन माणसं गेली. त्यांतला एफ्राइन चौथ्या दिवशी सापडला, हमरस्त्याच्या पुलाखाली.

त्याची बायको मेलानिया तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला आंतोफागास्ताला होती. रस्ता सुरू झाल्यावर आली. वरच्या जोत्यांवर ताडपत्र्या लावून आम्ही राहत होतो. सगळ्यांसमोर तिने इलारियाला विचारलं, “आधी शाळेत का गेलीस?”

“त्याच्या दारावरून गेले होते, मेलानिया.”

“दारावरून गेलीस. आत गेली नाहीस. मुस्काटात मारून ओढत का नाही आणलंस?”

“मुलांना निघायला वेळ लागतो. त्याला पाय होते.”

“तो तुझा भाऊ होता.”

त्या रात्री मेलानियाला झोपायला जागा नव्हती आणि गावात उभं असलेलं घर एकच होतं, इलारियाचं. ती तिथेच गेली. वर्षभर दोघी एका टेबलावर पाव आणि चहा घ्यायच्या, शब्द न बोलता. साखर हवी असेल तर मेलानिया उठून घ्यायची, पण मागायची नाही.

सरकारी माणसं आली, त्यांना इलारियाच्या नावाची पाटी लावायची होती. तिने सांगितलं, पाटी नको, पात्रात बांधायची परवानगी बंद करा. नवीन घरं वर झाली. तरी चार-पाच हट्टी कुटुंबं पुन्हा खाली गेलीच, रस्त्याच्या लोभाने.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पुन्हा ढग आले, पुन्हा उकाडा. मी इलारियाकडे गेले होते. ती बाटली हातात घेऊन खिडकीशी बसली होती, बसूनच होती.

“किती झाला?” मी विचारलं.

“सहा.”

“मग?”

“माहीत नाही. मला या वेळी कळत नाहीये, पोरी.”

मेलानिया स्वयंपाकघरातून आली. तिने कोट चढवला, रबरी बूट घातले आणि इलारियाचे बूट तिच्या पायाशी आणून आपटले.

“ऊठ,” ती म्हणाली. वर्षातला पहिला शब्द. “खालच्या घरांत जायचंय. या वेळी मी आत शिरते. तू फक्त आकडा सांग.”